पेन्सिल कुणाच्या हातात?

(अल्फारेटा येथील बैठकीत केलेलं भाषण)



आधी एक कबुली. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला गेलो, तेव्हा राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं आणि खालची नावं तशीच सोडून आलो. स्टेट हाऊस, स्टेट सेनेट, कोण हे लोक? बायको म्हणाली, "डॉक्टरेट केलीस आणि पेपर अर्धा कोरा दिलास!"

त्या कोऱ्या अर्ध्यातच आपला नकाशा ठरतो. भारतात मतदारसंघांसाठी परिसीमन आयोग असतो, जॉर्जियात नाही. जनगणना झाली की विधिमंडळ साध्या विधेयकासारखा नकाशा मंजूर करतं आणि गव्हर्नर सही करतात. ज्यांना निवडून यायचंय, त्यांच्याच हाती पेन्सिल.

आता आपल्याला न आवडणारी गोष्ट. २००१ साली ही पेन्सिल डेमोक्रॅट्सकडे होती, रॉय बार्न्स गव्हर्नर होते. लोकसंख्येत सरासरीच्या ५ टक्के कमी-जास्त चालतं, असा समज होता. त्यांनी तो पुरेपूर वापरला. अटलांटा शहरातले आणि दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातले मतदारसंघ लहान ठेवले. झपाट्याने वाढणाऱ्या उत्तरेकडच्या उपनगरांत, म्हणजे आपल्याच भागात, माणसं कोंबली. एकूण तफावत ९.९८ टक्के. (माझ्या लॅबमध्ये मर्यादा दहाची असताना कुणी ९.९८ आणलं, तर मी आधी त्याची वही मागेन.)

२००२ मध्ये बार्न्स सनी पर्डूंकडून हरले. निकालानंतर चार डेमोक्रॅट सेनेटरांनी पक्ष बदलला, आयाराम-गयाराम इथेही आहेत, आणि स्टेट सेनेट रिपब्लिकनांकडे गेलं. २००४ मध्ये 'लारिओस विरुद्ध कॉक्स' खटल्यात फेडरल कोर्टाने विधिमंडळाचे ते नकाशे रद्द केले, सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. त्याच वर्षी कोर्टाने आखलेल्या नकाशावर हाऊसही रिपब्लिकनांनी जिंकलं. मग २०११ आणि २०२१ ची पेन्सिल त्यांची.

ल्युसी मॅकबॅथ २०१८ मध्ये आपल्या सहाव्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेल्या. २०२१ मध्ये त्याला फोरसिथ, डॉसन काउंटी जोडल्या. २०२२ ला त्या सातव्यातून लढल्या. २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी कृष्णवर्णीय मतदारांवर अन्याय होतो म्हणून नकाशे नाकारले. विशेष अधिवेशनात नवे झाले आणि २०२४ ला त्या पुन्हा सहाव्यातून. फक्त हा सहावा आता अटलांटाच्या पश्चिमेला!

आपल्यातले काही म्हणतील, आपली सत्ता आली की आपणही वसूल करू. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये टेक्सासला उत्तर म्हणून स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा काँग्रेसचा नकाशा बाजूला ठेवला. तो राग मी समजू शकतो. पण २००१ मध्ये ज्यांच्या मताचं वजन कमी केलं, ते याच उपनगरांतले लोक होते. मला जॉर्जियात आयोग हवा आहे, आपण जिंकत असलो तरी.

२०३० च्या जनगणनेनंतरचा नकाशा त्या नोव्हेंबरात निवडून येणारे १८० हाऊस सदस्य, ५६ सेनेटर आणि गव्हर्नर ठरवतील. तेव्हा आता चहा घेताना प्रत्येकाने आपल्या स्टेट हाऊस मतदारसंघाचा क्रमांक मला सांगायचा. मला माझा काल रात्री शोधावा लागला.