लुकोवाच्या चर्चमधली भुतं नेमकी कुणाची?

हेडफोन लावलेत? मग चला, आज थेट चेक प्रजासत्ताकात जाऊ. पिल्झेन शहराच्या उत्तरेला लुकोवा नावाचं एक बारकं गाव आहे आणि तिथे सेंट जॉर्जचं चर्च. मूळ 14व्या शतकातलं. रील्सवर तुम्ही ते पाहिलंही असेल: पडक्या चर्चमधले लाकडी बाक आणि त्यावर डोक्यापासून पांढरं कापड घेऊन बसलेली माणसं. चेहरेच नाहीत!

गोष्ट अशी सांगतात. 1968 साली इथे एक अंत्यविधी चालू होता आणि मध्येच छत कोसळलं. झालं! जागा बाधलेली आहे, असं लोक म्हणू लागले. प्रार्थना बाहेर उघड्यावर व्हायला लागली आणि चर्च ओस पडलं.

आता मला विचाराल तर छत पडायला भूत लागत नाही. कौलं फुटतात, पाणी झिरपतं, वासे कुजतात. वर्षानुवर्षं कुणी डागडुजी केली नाही की पुढचं सगळं आपोआप होतं. खरा प्रश्न वेगळाच आहे. डागडुजी करणारी माणसं गेली कुठे?

हा भाग म्हणजे सुडेटनलँड. इथे पिढ्यान् पिढ्या जर्मन बोलणारी माणसं राहायची. 1938च्या म्युनिक करारात हिटलरने हा पट्टा घेतला, आणि इथल्या बहुतेक जर्मनांनी त्याचं स्वागतच केलं. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट राहते. मग युद्ध संपलं, जर्मनी हरली आणि हिशेब चुकता झाला. सुमारे 30 लाख जर्मनांना चेकोस्लोव्हाकियातून हाकललं. घर, शेत, गुरं, सगळं मागे. सोबत न्यायला माणशी 30 ते 50 किलो सामान, बस. त्यात नाझी होते, तशी पाळण्यातली पोरंही होती. गावंच्या गावं रिकामी झाली. चर्च तेवढं जागेवर राहिलं.

आणि ते पांढरे पुतळे? ते 2012 मधले आहेत. याकुब हाद्रावा नावाच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने केलेले. खऱ्या माणसांना बसवायचं, प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड अंगावर घालायचं, ते वाळून कडक झालं की माणसाने खालून हळूच निसटायचं. म्हणजे आत पोकळी! याकुबच्या मनात होते ते इथे दर रविवारी येणारे सुडेटन जर्मन.

गंमत बघा. भुतं म्हणजे मेलेली माणसं, असं आपण धरून चालतो. पण लहानपणी इथून निघालेल्यांपैकी कित्येकजण 2012 मध्ये जर्मनीत चांगले जिवंत होते, नातवंडं खेळवत होते. त्यांची भुतं मात्र इकडे बाकांवर बसलेली.

आता जगभरातून लोक ती बघायला येतात. घाबरतात, फोटो काढतात, जाताना दानपेटीत पैसे टाकतात. त्या पैशांतून चर्चच्या छताची दुरुस्ती सुरू झाली.