कमानदार तबलीची गिटार

गिटार म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच आकृति उभी राहते. सपाट तबली, तिच्या मध्यें वाटोळें भोक, आणि त्यावरून गेलेल्या सहा तारा. परंतु याच वाद्याची एक निराळी शाखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत फुटली आणि थोडींच वर्षें तिचा बहर टिकला. या गिटारीची तबली सपाट नसते. व्हायोलिनप्रमाणें ती मध्यें फुगीर व कडेकडे उतरती अशी कोरलेली असते. वाटोळ्या भोकाच्या जागीं दोन बाजूंना दोन नागमोडी चिरा असतात. पोट पोकळ, अंग रुंद आणि तारा जाड. इंग्रजींत तिला आर्चटॉप म्हणतात. मराठींत कमानदार तबलीची गिटार म्हणावयास हरकत नाहीं. अशी जुनी गिटार ज्याच्या घरीं आहे त्याच्यापुढें एक प्रश्न नेहमींच उभा असतो. हें वाद्य जपून ठेवावें, कीं रोज वाजवावें? प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर हें वाद्य कोणत्या कामासाठीं जन्मास आलें, हें आधीं पाहावें लागतें.

ऑर्व्हिल गिब्सन हा १८५६ सालीं न्यूयॉर्क राज्यांत जन्मलेला कारागीर पुढें मिशिगन राज्यांतील कॅलमाझू या गांवीं येऊन राहिला. व्हायोलिनची तबली जशी अखंड लांकडांतून कोरून काढतात, तशीच मँडोलिनची व गिटारीची कां कोरूं नये, हा विचार त्याच्या मनानें घेतला. १८९८ सालीं त्यानें आपल्या मँडोलिनच्या रचनेचें पेटंट मिळविलें आणि १९०२ सालीं त्याच्या नांवानें कॅलमाझू येथें कंपनी निघाली. या कारखान्यांत १९१९ सालीं लॉइड लोअर नांवाचा मँडोलिनवादक दाखल झाला. वादकाचा कान आणि कारागिराची चिकित्सा हीं दोन्हीं त्याच्या ठायीं होतीं. त्याच्या कारकीर्दींत, १९२२ सालीं, एल-५ ही गिटार तयार झाली. व्हायोलिनसारख्या चिरा असलेली ही त्या कारखान्याची पहिली गिटार होय. तिच्या दांडीच्या पोटांत पोलादी सळई बसविलेली होती, त्यामुळें तारांच्या ताणानें दांडी वांकली तर ती पुन्हां सरळ करतां येई. लोअर १९२४ सालच्या अखेरीस नोकरी सोडून गेला. त्याच्या सहीची चिठ्ठी पोटांत चिकटविलेल्या त्या दोन-तीन वर्षांतील गिटारींना आज विलक्षण मोल आहे.

या रचनेचें मर्म घोडींत आहे. साध्या सपाट गिटारीवर घोडी तबलीला चिकटविलेली असते आणि तारा तिला वर ओढीत असतात. कमानदार गिटारीवर घोडी नुसती टेकविलेली असते. तारा तिच्यावरून जाऊन खालच्या कडेला अडकविलेल्या धातूच्या पट्टीस बांधलेल्या असतात, म्हणून त्यांचा भार तबलीवर खालीं दाबला जातो. हा भार पेलण्यासाठींच कमान हवी. तबली स्प्रूस जातीच्या लांकडाची असते. पाठ व बाजू मेपलच्या. दोन्हीं लांकडें कोरतांना मध्यें जाड ठेवून कडेजवळ पातळ करीत न्यावयाचीं असतात आणि कारागीर बोटानें टिचकी मारून, कानानें ऐकून कोठें थांबावयाचें तें ठरवितो. एक थर कमी निघाला तर आवाज घुसमटतो, एक थर जास्त निघाला तर तबली खचते. अशा रीतीनें सिद्ध झालेल्या वाद्याचा स्वर झटकन् उमटतो, दूरवर पोंचतो आणि लवकर विरून जातो. तो रेंगाळत नाहीं. एकट्यानें बसून गाणें म्हणणारास हा दोष वाटेल, पण ज्या कामासाठीं हें वाद्य हवें होतें त्या कामांत हाच त्याचा गुण ठरला.

तें काम होतें नृत्यवाद्यवृंदांत ताल धरण्याचें. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जॅझ वाद्यवृंदांत हें काम बँजोकडे असे, कारण कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या गदारोळांत बँजोचा खणखणाटच काय तो ऐकूं येई. १९२५ सालीं ध्वनिमुद्रणाच्या कामीं विजेचा मायक्रोफोन आला व गिटारीचा मऊ स्वरही तबकडीवर उतरूं लागला. फिलाडेल्फियाच्या एडी लँग यानें याच सुमारास एल-५ हातीं घेतली. जो व्हेनुटी या व्हायोलिनवादकाबरोबर त्यानें केलेलीं ध्वनिमुद्रणें ऐकून पुष्कळ बँजोवाल्यांनीं आपला बँजो खुंटीला टांगला. लँग १९३३ सालीं, अवघ्या तिसाव्या वर्षीं वारला; पण तोंवर बँजोचे दिवस संपले होते.

पुढें वाद्यवृंद वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर गिटारीही रुंद होत गेल्या. आरंभीं सोळा इंच रुंद असलेली एल-५ ही १९३४ च्या सुमारास सतरा इंचांची झाली आणि तेव्हांच तिच्या जोडीस अठरा इंच रुंदीची सुपर ४०० आली. चारशें डॉलर ही तिची किंमतच तिच्या नांवांत होती. न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यानें त्याहून अर्धा इंच अधिक रुंद गिटार काढून चढाओढ चालू ठेवली. त्याच शहरांत जॉन डि'अँजेलिको हा कारागीर १९३२ पासून केनमेअर स्ट्रीटवरील लहानशा दुकानांत एक-दोन मदतनीस घेऊन गिटारी घडवीत होता. प्रत्येक गिटारीची नोंद तो वहींत करून ठेवी. १९६४ सालीं त्याचा अंत झाला तेव्हां त्या नोंदी ११६४ पर्यंत आल्या होत्या. म्हणजे वर्षाकांठीं सरासरी छत्तीस-सदतीस गिटारी. एवढ्या मोठ्या देशांत एवढीच संख्या! जुन्या वाद्याला दुर्मिळपण कसें येतें, तें या एका आंकड्यावरून ध्यानांत येतें.

तथापि या वाद्याचें खरें चरित्र किमतींत नाहीं; तें फ्रेडी ग्रीनच्या उजव्या हातांत आहे. १९३७ सालीं तो काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत आला आणि मधला थोडा काळ वगळतां १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. त्यानें गिटारीला वीज लावली नाहीं. तारा पडद्यांपासून उंच ठेवावयाच्या, दाबून धरावयाच्या, आणि प्रत्येक आवर्तनांत चार सारखे आघात द्यावयाचे, एवढेंच तो आयुष्यभर करीत राहिला. आघात होतांच डाव्या हाताचा दाब किंचित् सैल करून तो स्वर मिटवून टाकी, म्हणजे पुढच्या आघाताला जागा मोकळी राही. श्रोत्यांपैकीं अनेकांना गिटार वेगळी अशी ऐकूं येतच नसे. आपल्याकडील मैफलींत तंबोऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, पण तो थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीन सरकते. ग्रीनची गिटार त्या वाद्यवृंदांत नेमकी तशी होती.

हें काम विजेनें हिरावून घेतलें. १९३६ सालीं गिब्सन कारखान्यानें चुंबकाच्या योगानें तारेचें कंपन विजेंत उतरविणारी ईएस-१५० ही गिटार विक्रीस काढली. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण ती घेऊन बेनी गुडमनच्या वृंदांत आला आणि गिटार तालाच्या ओळींतून उठून सनई-कर्ण्याच्या पंक्तीस जाऊन बसली. ख्रिश्चन १९४२ सालीं क्षयानें गेला, त्या वेळीं त्याचें वय पंचवीस होतें. आतां आवाजासाठीं रुंद अंगाची वा कोरीव तबलीची गरज उरली नाहीं. उलट मोकळेपणानें कांपणारी तबली ध्वनिवर्धकापुढें घोंगावूं लागे. म्हणून १९४९ सालीं आलेल्या ईएस-१७५ या गिटारीची तबली कोरलेली नव्हती, पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून दाबून वांकविलेली होती. कमान राहिली, पण तिचें मूळ कारण गेलें. कोरीव गिटारी त्यानंतरही होत राहिल्या, परंतु वाद्यवृंदाची गरज म्हणून नव्हे, तर वादकाची आवड म्हणून.

तेव्हां आज ज्याच्या घरीं १९३० किंवा १९४० च्या सुमाराची अशी गिटार असते, त्याच्या हातीं काम संपलेलें एक हत्यार आलेलें असतें. प्रथम त्याला मोह होतो तो पेटी बंद करून कपाटांत ठेवण्याचा. परंतु बंद पेटीच या वाद्याची वैरीण ठरते. त्या काळीं बोटांच्या घर्षणापासून तबलीला जपण्यासाठीं लावलेली नक्षीदार पट्टी आणि कडेचीं पांढरीं किनारपट्ट्यांचीं वेष्टनें सेल्युलॉइडचीं असत. जुन्या चित्रपटांच्या फिती ज्या पदार्थाच्या होत्या तोच हा पदार्थ. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यांत अशा फितींच्या सांठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची जी हानि झाली, तिची आठवण अनेकांना असेल. गिटारीवरील सेल्युलॉइड सहसा पेट घेत नाहीं. तें मुकाट्यानें कुजतें. कुजतांना त्यांतून आम्लयुक्त वाफ निघते. बंद पेटींत ती कोंडली म्हणजे तारा गंजतात, खुंट्यांवरील सोनेरी मुलामा हिरवा पडतो, पडदे काळवंडतात आणि अखेर ती पट्टी भुगा होऊन हातीं येते. जाणता मालक अशी पट्टी चिरा पडूं लागतांच काढून वेगळ्या कागदांत ठेवतो, तिच्या जागीं नवी बसवितो आणि पेटी अधूनमधून उघडी टाकतो.

दुसरें संकट हवेचें. ही गिटार जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसानें जोडलेली असते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ती तासभर राहिली तर सरस मऊ होतो आणि सांधे सुटतात. हवा फार कोरडी झाली तर तबली आकसते व चिरते. पावसाळ्याच्या ओलीनें ती फुगते व तारा पडद्यांपासून दूर जातात. शेंकडा ४५ ते ५० आर्द्रता तिला मानवते. येथें जुन्या कारागिरांचें एक शहाणपण दिसून येतें. सरसाचा सांधा लांकडाच्या आधीं सुटतो, म्हणून ताण वाढला तर बहुधा कड उघडते आणि लांकूड वांचतें. उघडलेली कड जाणकाराच्या हातून पुन्हां जोडतां येते. घट्ट आधुनिक गोंदानें दुरुस्ती करणारा मनुष्य ही सोय कायमची बंद करतो. परंतु हा बारीकसा उघडा सांधा वेळींच लक्षांत यावा कसा? जो रोज वाद्य हातीं घेतो त्यालाच कालच्यापेक्षां आजचा एक स्वर फुसका लागल्याचें कळतें. कपाटाला तें कळत नाहीं.

वाजविण्यानें वाद्य झिजतें हें मात्र खरें. पडदे झिजून त्यांत खळगे पडतात, खुंट्यांचे दांते जातात. पडदे बदलावे तर मूळपण गेलें म्हणून संग्राहक हळहळतो, न बदलावे तर वादकाला सूर मिळत नाहीं. या वादांत व्हायोलिनचा इतिहास मार्गदर्शक आहे. १७३७ सालीं वारलेल्या स्ट्रॅडिव्हारीचीं जीं व्हायोलिनें आज सभागृहांतून वाजतात त्यांतील बहुतेकांच्या दांड्या मागाहून बदललेल्या आहेत, कारण पुढच्या काळाला अधिक ताण व अधिक आवाज हवा होता. म्हणून तीं स्ट्रॅडिव्हारीचीं नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. फरक करावयाचा तो परत फिरवितां येणाऱ्या आणि न येणाऱ्या बदलांत. पडदे नवे घालतां येतात, जुनी खुंटी पेटींत जपून ठेवतां येते, विजेचें यंत्र तबलीला धक्का न लावतां दांडीच्या टोकाला टांगतां येतें. पण तेंच यंत्र बसविण्यासाठीं कोरीव तबलीला एकदां भोंक पाडलें कीं तें पुन्हां बुजत नाहीं.

दोन गिटारींच्या गोष्टी येथें शेजारीं शेजारीं ठेवण्यासारख्या आहेत. व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखांतील मेबेल कार्टर या लोकगायिकेनें १९२८ च्या सुमारास एक एल-५ घेतली. किंमत होती २७५ डॉलर, आणि त्या मुलखाच्या मानानें ती रक्कम लहान नव्हती. ज्या कारखान्यानें ती केली त्याला ती वाद्यवृंदांत वाजेल असें वाटलें होतें. मेबेलबाईंनीं अंगठ्यानें खालच्या तारांवर चाल वाजवीत तिच्यावर घरगुती गाणीं अनेक दशकें गाइलीं. ती गिटार आतां नॅशव्हिल येथील संग्रहालयांत आहे. दुसरी गोष्ट आपल्याकडची. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा, अली अकबर खाँ यांचे शिष्य, यांनीं सुपर ४०० गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उंच केल्या, षड्जाची साथ देणाऱ्या तारा जोडल्या आणि पोलादी कांडी फिरवून तिच्यांतून मींड काढली. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीवर शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बांसरीबरोबर जी गिटार ऐकूं येते, ती काबरांची. ते २०१८ सालीं दिवंगत झाले. न्यूयॉर्क-शिकागोच्या नृत्यगृहांत चार आघात देण्यासाठीं योजलेली रचना राग आळवूं लागली, हें कॅलमाझूच्या कारागिरांच्या स्वप्नांतही आलें नसेल.

या दोन्हीं गिटारींना मोठेपण आलें तें वाजल्यामुळें. एक आज कांचेआड आहे, तीही आधीं आयुष्यभर गाइली म्हणूनच तेथें पोंचली. तेव्हां जुन्या गिटारीचा मालक हा वस्तुतः मालक नसून राखणदार असतो. मागच्या हातानें तिला वाजती ठेवली म्हणून ती त्याच्याकडे आली आणि पुढच्या हाताला ती वाजती मिळावी एवढाच त्याचा अधिकार व एवढेंच त्याचें कर्तव्य. त्यासाठीं मोठा कलावंत असावें लागत नाहीं. रोज अर्धा तास ती मांडीवर घ्यावी, तारा जुळवाव्या, चार सारखे आघात द्यावे, नंतर घामाचे डाग मऊ फडक्यानें पुसावे आणि हवा खेळती राहील अशा जागीं ठेवावी. पेटीचें झांकण लावण्याआधीं सेल्युलॉइडच्या पट्टीकडे एकदां नजर टाकावी. इतकें ज्याच्या हातून होतें, त्याच्या घरांतली गिटार म्हातारी होते, पण मुकी होत नाहीं.