लिहिणाऱ्याची फिर्याद



 जाझ आणि रागसंगीत यांच्या संगमाचे समालोचन परिषदेच्या अध्यक्षाने करावे हा प्रघात मी थोडक्यात उरकतो. १९७५ च्या सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांनी ‘शक्ती’ हा गट उभा केला आणि २०२४ साली त्याला ग्रॅमी मिळाले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी धोबीतलावच्या रंगभवनात ‘जाझ यात्रा’ भरवली. १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या ध्वनिमुद्रिकेत त्रिलोक गुर्टू यांनी आपल्या मातोश्री शोभाताईंचा बेळगावी मातीतला कंठ ड्रमच्या संगतीला आणला. सर्वच गौरवास्पद, मात्र या वंशावळीत एका इसमाची नोंद नाही, आणि त्याची फिर्याद मी आज दाखल करणार आहे.

तो इसम म्हणजे लिहिणारा, ज्याला आमच्या धंद्यात अरेंजर म्हणतात.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा जाझ ताफा मुंबईच्या ताज हॉटेलात आला, त्यांच्यासारख्यांचे ऐकून गोव्याचे वादक तयार झाले, आणि हॉटेलातील रात्रपाळी संपवून जेर महालातल्या गावकऱ्यांच्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, पाठ टेकणारी ही मंडळी दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला हजर होऊ लागली. सी. रामचंद्रांचे सहायक चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे सेबास्टियन डिसोझा, प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. १९५१ च्या ‘अलबेला’तील भगवानदादांच्या नाचाच्या ढंगात लालबागच्या गणपतीपुढे आजही पावले पडतात, पण त्या नाचणाऱ्यांपैकी चिक चॉकलेट हे नाव कितीजणांस ठाऊक आहे? मुशाहिरा हातावर पडला, नाव मात्र तबकडीवर पडले नाही.

जाझने राग भ्रष्ट होतो की समृद्ध होतो, यावर आपल्यातील विद्वान काल दिवसभर झुंजले. या खटल्याचा निकाल मी परळच्या एका तालमीच्या खोलीत कैक वर्षांपूर्वीच लागलेला पाहिला आहे. चाल दरबारीतली होती आणि सॅक्सोफोनवाला कागदावरचा कोमल गांधार न झुलवता अगदी नेमका, म्हणजेच अगदी निर्जीव, वाजवत होता. गायकाने कपाळाला हात लावला. आमच्या गोवेकर अरेंजरला रागाचे नावही ठाऊक नव्हते. त्याने गायकाकडून ती जागा पुनःपुन्हा म्हणवून घेतली, गांधारावर पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली, वादकाला ओठ सैल सोडायला सांगितले, आणि मग त्या मात्रांखालचे सारे कॉर्ड खोडून केवळ षड्ज-पंचम ठेवला. गांधार हलला! दोन परंपरांपैकी कोणी कुठे गप्प बसावे हे त्या खोडरबराला कळले होते. तेवढे ज्याला कळते त्याच्या हातून राग भ्रष्ट होत नाही, आणि ज्याला कळत नाही तो शुद्ध तानपुरा घेऊन बसला तरी उपयोग नाही.

आजच्या पुष्कळ तरुण गटांत हा खोडणाराच नाही. तबलजी त्वेषाने वाजवतो, ड्रमवाला त्याला उत्तर देतो, टाळ्या पडतात, आणि या सवाल-जबाबाला संगम म्हणतात! एका चाळीत बिऱ्हाडे थाटली म्हणून दोन कुटुंबांची सोयरीक होत नसते. जुन्या वादकांना ‘वाद्यवृंद’ या एका शब्दात गुंडाळणाऱ्या सुरेल निबंधलेखकांविषयी तर मी सभ्यतेस्तव काही बोलत नाही.

राहिले परिषदेचे कार्य. या अरेंजरांनी हाताने लिहिलेली नोटेशने गठ्ठ्यांनी रद्दीत गेली. उरली असतील ती गिरगाव-दादरच्या माळ्यांवर असतील, ती मिळवावीत आणि वादकांच्या नावांचे एक दप्तर उघडावे, असा माझा मानस आहे. ते कोणी लिहावे आणि त्यास निधी कोठून यावा, हे कार्यकारिणी ठरवील. कोणापाशी असा एखादा कागद असल्यास तो तूर्त माझ्याकडे पोहोचता करावा. पेन्सिलीच्या खुणा मात्र पुसू नयेत.