भयपटांचा पारखी



भुताखेतांच्या नि परग्रहवासीयांच्या चित्रपटांवर लेख लिहून, नोकरीवाचून, मनुष्याने पोट भरावे हे आपल्याला नवल वाटेल. किम न्यूमन या इंग्रज गृहस्थांनी मासिकांच्या मानधनावर चाळीस वर्षे हा उद्योग चालवला. जन्म १९५९ चा. शिक्षण ससेक्स विद्यापीठात.

१९८५ साली त्यांचा ‘नाइटमेअर मूव्हीज’ हा ग्रंथ आला, तो काळ ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये घरोघरी व्हिडिओ शिरला होता. भयपटांनी मुले बिघडतात अशी वर्तमानपत्रांची ओरड चालू होती. सरकारी अभियोक्त्यांनी आक्षेपार्ह चित्रफितींची यादी काढली; पोलीस दुकानांतून फिती उचलून नेऊ लागले. १९८४ च्या कायद्याने व्हिडिओवरील चित्रपटांना प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते चित्रपट पाहिले होते, देव जाणे! सॅम रेमींचा ‘द ईव्हिल डेड’, ज्यात भीतीइतकाच चावटपणा आहे, तोही त्या यादीत होता.

न्यूमन यांनी १९६८ पासूनचे भयपट पाहून, निवडून, कोणता कशामुळे अंगावर येतो ते सांगितले. टीकाकाराचे काम मला तरी एवढेच वाटते. मानधनाला जोड म्हणून त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. १९९२ ची ‘अ‍ॅनो ड्रॅक्युला’ पुष्कळ गाजली.

‘एम्पायर’ मासिकातील त्यांचे सदर तर चित्रगृहाचे तोंडही न पाहणाऱ्या स्वस्त चित्रपटांसाठीच होते. ‘नाइटमेअर मूव्हीज’ची वाढीव आवृत्ती २०११ साली निघाली. जुना मजकूर ठेवून त्यांनी मधल्या वर्षांतील भयपटांवर नवा भाग जोडला.