पहिली पटाशी कोण देणार?

(विश्वकर्मा जयंतीच्या निमित्ताने कर्जत येथे कार्यकर्ते व पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'सुतारकामाचे प्रत्यक्ष शिक्षण' हा आजचा विषय. कर्जत-खालापूरच्या भूमीत या विषयावर बोलायचे, तर सुरुवात येथून जवळच्या कोंडाणे लेण्यांपासून करावी लागेल. राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवड्याच्या रानात असलेली ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आपल्यापैकी अनेकांनी पावसाळी सहलीत ती पाहिली असतील. चैत्यगृहाचा दर्शनी भाग पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. तिथे दगडात जे कोरले आहे, ते मुळात लाकडाचे बांधकाम आहे. कमानी, तुळयांची टोके, जाळ्या, कठडे हे सारे सुताराच्या हातचे रूप पाथरवटाने कातळात उतरवले आहे. घाटमाथ्यावरील कार्ला लेण्यात तर छताखालच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. दगडाने नक्कल करावी इतके या देशातील काष्ठकाम त्या काळी परिपूर्ण झाले होते.

त्याच दर्शनी भागात, एका भग्न मूर्तीच्या शिराजवळ, ब्राह्मी लिपीतील छोटासा लेख आहे. कण्ह म्हणजे कृष्ण याचा अंतेवासी बलक याने हे घडवले, एवढाच त्याचा आशय. राजाचे नाव नाही, दात्याचे नाव नाही. कारागिराने स्वतःचे नाव लिहिले, आणि त्याच्याही आधी आपल्या गुरूचे. 'अंतेवासी' म्हणजे गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणारा. विद्यार्थी या अर्थाचा हा शब्द वेदाध्ययन करणाऱ्याला लागतो, तसाच तो छिन्नी चालवणाऱ्यालाही लागत होता. हस्तकौशल्य ही विद्या आहे आणि ती गुरूच्या शेजारी बसून घ्यायची असते, हा विचार आपल्याला बाहेरून आणावा लागलेला नाही. तो याच तालुक्यात कातळावर कोरलेला आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. खालापूर त्याच्या वाटेवरच आहे आणि कर्जतला मुंबईची लोकल येते. त्यामुळे या दोन तालुक्यांत शेतघरे, बंगले आणि विश्रामगृहे उभी राहिली. त्या प्रत्येकाला दारे, खिडक्या, कपाटे आणि पलंग लागतात. म्हणजे सुताराला काम आहे. ते काम करतो कोण? बहुतेक ठिकाणी राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर. त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तो आपलाच देशबांधव आहे, वडिलांच्या किंवा काकांच्या हाताखाली घडून आला आहे आणि घाम गाळून कमावतो आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या जमिनीवर तो बंगला उभा राहिला, त्यांचा मुलगा त्याच बंगल्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसतो आणि आतले दार दुसरा कोणी बसवतो. या मुलाच्या हातात पटाशी कोणी दिलीच नाही.

यात सर्वांत मागे राहिला आहे तो आपला कातकरी बांधव. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. ज्या समाजाचे नावच लाकडावरच्या एका कौशल्यावरून पडले, तो समाज आज शासनाच्या यादीत महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. रान गेले, कात गेला आणि वीटभट्टी आली. भात कापून झाले की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत सुटका नसते. मुलांची शाळा या फेऱ्यातच सुटते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या अभ्यासक्रमालाही किमान आठवी उत्तीर्ण असावे लागते. सहावीत भट्टीवर गेलेल्या मुलाला ते दार बंदच राहते.

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना चांगली आहे आणि आपल्या गावातील प्रत्येक सुतारापर्यंत ती पोहोचवणे हे आपले काम आहे. पण तिची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. जो आधीपासून हाताने आणि अवजारांनी तो व्यवसाय करतो आहे, त्याच्यासाठी ही योजना आहे. ती कारागिराला बळ देते. ज्याने कधी रंधा धरलेला नाही, त्याला ती सुतार करीत नाही. पहिली पटाशी देण्याचे काम शासनाच्या योजनेत बसत नसेल, तर ते समाजाने करायचे असते. आपल्यासारख्या संघटनेचे प्रयोजन तरी दुसरे काय आहे?

हे काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? काही ठिकाणी दोन दिवसांचे शिबिर होते, दीपप्रज्वलन होते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि छायाचित्र निघते. एवढ्याने हाताला वळण लागत नाही. पहिले आठवडे केवळ धार लावण्यात गेले पाहिजेत. निसण्यावर पटाशी कोणत्या कोनात धरायची हे पुस्तकातून कळत नाही, ते मनगटाला कळावे लागते. त्यानंतर एक फळी रंधून सपाट करणे, गुण्या लावून काटकोन तपासणे, आखलेल्या रेघेवर करवत चालवणे. मग सांधा, म्हणजे एका लाकडात खोबण आणि दुसऱ्याला त्या खोबणीत घट्ट बसणारे कुसू. लाकूड दीड इंच जाड असेल, तर कुसू साधारण त्याच्या एक तृतीयांश ठेवतात. सुताराच्या मापात इंचाचे आठ सूत, म्हणजे दीड इंचाचे बारा सूत आणि त्याचा तिसरा हिस्सा चार सूत, अर्थात अर्धा इंच. शाळेत अपूर्णांकांना घाबरणारा मुलगा हे गणित चुकवत नाही, कारण चुकले तर सांधा हलतो आणि ते त्याचे त्यालाच दिसते.

पहिली वस्तू म्हणून पाट करावा. सोपी वाटणारी ही वस्तू बरेच काही शिकवते. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ कमी-जास्त होत नाही, ते आडव्या अंगाने आक्रसते आणि फुगते. म्हणून पाटाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्या नसल्या तर फळी वाकते. दाराच्या चौकटीतली फळी खाचेत मोकळी का बसवतात, तिला सरस लावून पक्की का करीत नाहीत, याचे उत्तरही हेच आहे. उन्हाळ्यात छान लागणारे दार श्रावणात का अडते, हे कर्जतच्या पावसाइतके चांगले कोण शिकवणार?

काळ कोणता निवडायचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाळी सुट्टीत वर्ग घेतला, तर कातकरी मुलगा भट्टीवर असतो. हिवाळ्यातही तो तिथेच असतो. भाताची लावणी आटोपते आणि कापणी अजून दूर असते, तो दीड-दोन महिन्यांचा काळ तेवढा तो गावात असतो. आजची विश्वकर्मा जयंतीही त्याच काळात येते. लाकडाच्या दृष्टीने हे दिवस ओलसर आणि गैरसोयीचे आहेत, हे खरे. पण आपल्याला सोय मुलाची पाहायची आहे. एका पावसाळ्यात कोणी सुतार होत नाही. पहिल्या वर्षी पाट, दुसऱ्या वर्षी चौरंग, तिसऱ्या वर्षी खिडकीची चौकट, असा तीन पावसाळ्यांचा संकल्प हवा. चौथ्या वर्षी त्याला भट्टीची उचल घ्यावी लागली नाही, तर आपला वर्ग यशस्वी झाला असे म्हणावे.

यात पैशाचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. शिकण्याच्या दिवसांत मजुरी बुडते. आई विचारते, आज हा शिकला तर संध्याकाळी चूल कशावर पेटवू? इमारतीसाठी देणगी मिळते, कोनशिलेवर नाव येते. मुलाच्या दोन महिन्यांच्या विद्यावेतनासाठी देणगी मागायला गेले की हात आखडतो. माझी विनंती अशी की, पैसा आधी विद्यावेतनाला द्यावा. वर्ग पत्र्याच्या शेडमध्येही होईल.

असे शिक्षण होऊ शकते का, अशी शंका कोणाला असेल, तर पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली ग्रामीण मुले तिथे वर्षभर राहून बांधकाम, जोडकाम, वीज, शेती अशी कामे हाताने करत शिकतात. गावाला खरोखर हव्या असलेल्या वस्तू आणि सेवा देतच तिथे शिकायचे असते. म्हणून आपणही वर्गाला काम द्यावे. मंदिराचा चौरंग, शाळेचे बाक, कार्यालयाचे कपाट यांची मागणी वर्गाकडे नोंदवावी आणि वस्तू चांगली झाली तर पूर्ण दाम मोजावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या समाजांसाठी पक्की घरे आहेत. आपल्या वाडीतल्या घराची खिडकी वाडीतल्याच मुलाने करावी, एवढे स्वप्न पाहायला हरकत नसावी.

आता थोडे आपल्या घराविषयी. आपण विश्वकर्मा जयंती साजरी करतो. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ हा दिवस राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. परंतु आपल्या किती घरांत मुलाने सुतार होण्याची इच्छा व्यक्त केली, तर आनंद होईल? आपण अवजारांची पूजा करतो आणि मुलाला अवजारापासून दूर ठेवतो. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान होते. नांगर, गाडा, पालखी आणि देव्हारा त्याच्या हातून आले. पण ती विद्या जातीच्या कुंपणात राहिली आणि तिचा मानही तिथेच अडकला. कुंपणाबाहेरच्याने ती शिकायची नाही आणि आतल्याने दुसरे काही शिकायचे नाही, ही रीत समरसतेच्या विरुद्ध होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती मोडली. मुंबईतील तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारा हा पांढरपेशा गृहस्थ लोखंडी नांगर घडवण्यात उतरला आणि १९१० मध्ये त्याने किर्लोस्करवाडी वसवली. हाताने काम केल्याने त्याची प्रतिष्ठा गेली नाही, उलट महाराष्ट्राच्या उद्योगाला प्रतिष्ठा आली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातील सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावे, अशी कल्पना आहे. आपल्या शाळांनी ते दहा दिवस सहलीत घालवू नयेत. मुलांना याच वर्गात पाठवावे. डॉक्टरांचा मुलगा आणि कातकरी मुलगा एकाच बाकड्यावर समोरासमोर उभे राहून करवत ओढतील, आणि बहुधा कातकरी मुलगा अधिक सफाईने ओढेल. ते पाहून डॉक्टरांच्या मुलाच्या मनात जे रुजेल, ते समरसतेवरच्या माझ्या दहा भाषणांनी रुजणार नाही.

शिकवायला गुरू कुठून आणायचा? ते आपल्या गावातच आहेत. साठी ओलांडलेले, सांध्यात खिळा न मारता चौकट उभी करणारे सुतार अजून काही गावांत आहेत. त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत. ही माणसे गेली की त्यांच्यासोबत त्यांची विद्याही जाईल आणि ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यांना एका सत्कारापुरते बोलावू नका. शाल-श्रीफळ द्या, पण त्यासोबत मानधन द्या आणि शिष्य द्या.

म्हणून येथून जाताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने तीन नावे टिपून घ्यावीत: एक वृद्ध सुतार, शिकू इच्छिणारी पंधरा-सोळा वर्षांची दोन-चार मुले, आणि त्यांचे विद्यावेतन उचलणारे एक कुटुंब. या तीन नावांवर पुढच्या लावणीनंतर वर्ग सुरू होऊ शकतो. कोंडाण्याच्या कातळावर बलकाने आपल्या गुरूचे नाव लिहून ठेवले. आपल्या तालुक्यातील एखादा मुलगाही उद्या स्वतः केलेल्या दारावर हात ठेवून सांगू शकेल की, हे मी अमक्या सुतारकाकांकडे शिकलो. त्याच्यावर ती वेळ यावी, यासाठी आपण आज कामाला लागू.

भारत माता की जय!