समोर नसलेल्या माणसाशी बोलताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महाड येथे केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर आजवर पुष्कळ विचार झाला. आज आम्ही ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो महाड-पोलादपूरच्या खोऱ्यापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु येथे जमलेल्या कित्येक घरांतील मुले, मुली व सुना पुण्यात, मुंबईत, किंवा गावच्या घरातील माडीवर बसून लंडन, न्यूयॉर्क, टोकियो येथील मंडळींसह एकच काम करीत आहेत. त्यांची भेट होते ती केवळ संगणकाच्या पडद्यावर. अशा संघात बोलावे कसे व लिहावे कसे, हे त्यांस कोणी शिकविलेले नसते, आणि त्याची किंमत मात्र त्यांस मोजावी लागते.

आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. आमचा एक पुतण्या परदेशी मंडळींच्या संघात काम करीत असे. एके दिवशी बैठकीत वरिष्ठांनी विचारले, "हे काम शुक्रवारपर्यंत होईल ना?" हा 'येस, येस' म्हणाला. त्याच्या मनात अर्थ एवढाच, की आपले म्हणणे ऐकले. काम तोवर होणार नाही हे तो जाणून होता. पण चारचौघांत वडीलधाऱ्यांस 'नाही' कसे म्हणावे, ह्या संकोचाने तो गप्प राहिला. शुक्रवार आला, काम अपुरे राहिले, आणि पुढच्या महिन्यात त्यास त्या संघातून काढण्यात आले. काम त्यास उत्तम येत होते. नकार वेळेवर कळविणे तेवढे येत नव्हते.

ह्यात त्याचा एकट्याचा दोष आम्ही मानीत नाही. आपल्याकडे कोणी 'बघू' म्हणाला, तर त्याच्या सुरावरून आपण ओळखतो की काम होत नाही. एडवर्ड हॉल ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला आहे. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंगावरून, नात्यावरून समजून घेतला जातो. काही समाजांत तो शब्दांतच सांगावा लागतो. जपानी माणूस पहिल्या प्रकारात मोडतो, जर्मन दुसऱ्या. आपण बहुतांशी पहिल्या. पडद्यावरील बैठकीत सूर अर्धा पोचतो, मुद्रा दिसतेच असे नाही; म्हणून जे शब्दांत आले नाही, ते पोचलेच नाही असे धरून चालावे.

हे आपणांस अगदीच नवे आहे काय? आपल्या वाडवडिलांचा प्रपंच असाच चालत असे. कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत, बायकामुले गावी. त्यांच्या पत्रावर आरंभी ठिकाण व तारीख असे. पुढे 'आपले अमुक तारखेचे पत्र पावले' ही पोच, मग मजकूर, आणि शेवटी 'उलट टपाली कळवावे' ही विनंती. मनीऑर्डर घेणाऱ्याच्या सहीची पावती पाठविणाऱ्याकडे परत जात असे. जवळच्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा सांगते. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. वाचणाऱ्याची सोय पाहून लिहावे, ही शिकवण आपल्या दाराशीच आहे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट होकाराची. 'ऐकले', 'समजले', 'मान्य आहे' आणि 'अमुक दिवशी देतो' ही चार निरनिराळी वाक्ये आहेत; ज्याचा जो अर्थ, तेच वाक्य उच्चारावे. काम होणार नसेल तर त्याच दिवशी कारणासह कळवावे व दुसरी तारीख द्यावी. समजले नसेल तर पुन्हा विचारावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट दिवस, वेळ व आकडे ह्यांची. आपल्या 'परवा'त मागचाही दिवस येतो आणि पुढचाही. ४/७ असे लिहिले तर आपण ४ जुलै वाचतो, अमेरिकन माणूस ७ एप्रिल. म्हणून महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. आपले घड्याळ वर्षभर एकच; लंडन मात्र हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे व उन्हाळ्यात साडेचार तास, न्यूयॉर्क साडेदहा व साडेनऊ तास. त्यातही अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत ठरलेल्या बैठका हमखास चुकतात. वेळेसोबत गाव लिहावे. दहा लाख म्हणजे त्यांचे एक मिलियन, हेही ध्यानी ठेवावे.

तिसरी गोष्ट टिपणाची. आपले मंडळ प्रत्येक सभेचे इतिवृत्त ठेवते. तसेच बैठक संपताच कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे, हे पाच ओळींत लिहून सर्वांस पाठवावे. मराठी माध्यमातून शिकलेली आपली मुले भराभर चालणाऱ्या इंग्रजी संभाषणात मागे पडतात. लेखी टिपणात त्यांस विचार करण्यास अवधी मिळतो. वाक्ये लहान ठेवावीत, अलंकारिक इंग्रजीचा सोस धरू नये.

चौथी गोष्ट अडचणीची. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते. ती जाण्याआधीच सहकाऱ्यांस सांगून ठेवावे, व आपल्यामागे काम कोण पाहील तेही ठरवावे.

तारीखवार नसलेला निरोप काय करतो, हे आपण २२ जुलै २०२१ रोजी अनुभवले. महाड पुराखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली, वीज व दूरध्वनी बंद पडले. मुंबईतील व आखातातील आप्त रात्रभर निरोपांची वाट पाहत होते. आलेल्या निरोपांवर वेळ नव्हती, गावाचे नाव नव्हते; 'पाणी चढते आहे' हे आताचे की सकाळचे, कळेना. त्या रात्री ठिकाण व वेळ लिहिलेल्या एका ओळीचे मोल आम्हांस उमगले.

घरातील वडील मंडळींसही एक विनंती आहे. सून रात्री नऊ वाजता दार लोटून बोलत बसली, तर तिला बोल लावू नये. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, व ती आपले काम करीत असते. मात्र जागरणाचा भार नेहमी एकाच देशावर पडू नये, बैठकीची वेळ आळीपाळीने बदलावी, हे आपल्या मुलांनीही सहकाऱ्यांजवळ सौजन्याने पण स्पष्ट मांडावे.

शेवटी मंडळास सूचना अशी, की जी मुले-मुली अशा संघांत काम करीत आहेत, त्यांनी सुटीत गावी आले असता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा दोन दिवस सराव घ्यावा. बैठक कशी चालते, टिपण कसे लिहावे, नकार कसा द्यावा, हे करून दाखवावे. आमच्या पुतण्याने ह्या कामी पुढाकार घेण्याचे मान्य केले आहे, आणि ह्या वेळचा त्याचा होकार आम्ही तारखेसह लिहून घेतला आहे.