पान्ह्याची साक्ष



जनावराला सुखदुःख असते काय, असे वटारच्या वाडीत कोणी विचारले तर लोक हसतील. प्रश्न निराळा आहे. ते मोजावे कसे? ‘मला कळते’ एवढ्यावर घरी भागते; न्यायालयात आणि तपासनिसापुढे माप लागते.

एक माप आपल्या गवळ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, ते म्हणजे पान्हा. धार काढणारा हात बदलला, गोठ्यात परके कुत्रे शिरले, की म्हैस दूध चोरते असे आपण म्हणतो. चोरी कसली! 1941 साली अमेरिकेत इली आणि पीटरसन या संशोधकांनी गायींच्या पाठीवर मांजर ठेवले, जवळ कागदी पिशव्या फोडल्या. गायी बिचकल्या आणि पान्हा अडला. कासेच्या एका बाजूच्या नसा त्यांनी तोडून पाहिल्या, तरी दोन्ही बाजू सारख्याच वागल्या. म्हणजे दूध सोडण्याचा निरोप कासेत नसांवाटे येत नाही, रक्तावाटे येतो. वासराने ढुशी दिली की मेंदूच्या तळच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते. भीतीने सुटणारे अॅड्रेनॅलिन त्याची वाट अडवते. आपण ज्याला माया म्हणतो तिला असा रक्तामांसाचा पुरावा आहे.

आता शहराला दूध पुरवणाऱ्या तबेल्यांकडे वळू. रेडकू दूध पिते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते पोसणे परवडत नाही. नर असेल तर बोलायलाच नको. रेडकू गेले की म्हैस पान्हवत नाही. पूर्वी त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभे करीत. कोठे फुंका घालीत. त्या छळाची वर्णने वाचूनही गांधीजींचे मन दुधावरून उडाले आणि 1912 साली त्यांनी दूध सोडले. पुढे सुई आली. तेच ऑक्सिटोसिन बाहेरून टोचले की म्हशीच्या मनात काहीही असो, दूध उतरते. ताप पाहायचा आणि तापमापक मात्र गार पाण्यात धरायचा, त्यातला हा प्रकार! म्हणून नुसत्या लिटरांवरून म्हशीचे क्षेम ठरवणारा हिशेब मला मान्य नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याच्या 12 व्या कलमाने फुंका आणि जनावराला अपायकारक अशी टोचणी, दोन्ही गुन्हा ठरतात. कलम आहे, पहाटे तबेल्यात जाऊन पाहणारा हवा.

मग दुसरी मापे कोणती? रक्तातले कॉर्टिसॉल भीतीने वाढते, पण ते नुसत्या धावपळीनेही वाढते. एकट्या आकड्यावर विसंबू नये. नॉर्वेतील संशोधकांनी 2002 साली साधी गोष्ट मोजली. भुकेल्या गायीला चारा दिसतो पण खाता येत नाही, तेव्हा तिच्या डोळ्याचा पांढरा भाग अधिक उघडा पडतो. चारा मिळाला की तो कमी होतो. याला प्रयोगशाळा लागत नाही.

म्हशीच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर पहिली गोष्ट उकाड्याची. कातडे काळे, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फार थोड्या. डुंबायला मिळाले नाही तर ती धापा टाकते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता घड्याळ घेऊन गोठ्यात उभे राहा. कुशी मिनिटाला किती वेळा हलते ते मोजा; किती जनावरे बसून रवंथ करतात, किती नुसतीच उभी आहेत, तेही लिहा. मग अंगावर पाणी मारा आणि तासाभराने पुन्हा मोजा.